एकसष्टावी वेणी

माणसाचं खऱ्या अर्थाने स्वतःचं असं एकच असतं, त्याचं शरीर. आणि त्यातलं काही काढून दुसऱ्याला देणं यापरता मोठा धर्म नाही. हे वाक्य मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका असलेल्या दीपमालाने मंगळवारी दुपारी, मेसमध्ये गहू निवडणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवता ठेवता लिहिलं, केशदान सोहळ्याच्या सूत्रसंचालनासाठी. संध्याकाळी ट्रस्टच्या कार्यालयातून, तिथला कारभार बघणाऱ्या भागवतरावांचा फोन आला. "मॅडम, लई भारी उतरलंय. तेवढं धर्म काढा आन् कार्य टाका. जिल्हा परिषद तोंडावर हाय." तिने धर्म काढला, कार्य टाकलं. वाक्याला काहीही फरक पडला नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलं.

सोहळा शुक्रवारी होता, विठ्ठलरावांच्या एकसष्टीचा. विठ्ठलरावांना अख्खं बीड आप्पासाहेब म्हणायचं. ट्रस्ट त्यांचा, ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह त्यांचं, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुली तिथे ठेवून घेऊन त्यांना कॉलेजात घालायची योजनाही त्यांची. तेव्हा वाढदिवसाला मुलींनी काहीतरी करणं ओघानेच आलं. वय जितकं तितकं काहीतरी करायचं ही तिथली रीत होती. पन्नासाव्याला पन्नास रक्ताच्या बाटल्या झाल्या, पंचावन्नाव्याला पंचावन्न सायकली. साठाव्याला साठ मोतीबिंदू काढले. त्यात एकोणसाठच भरले तेव्हा शिपायाच्या सासऱ्याचा दुसरा डोळाही उरकून घेतला होता. यंदा एकसष्ट वेण्या. औषधांनी केस गेलेल्या कॅन्सरच्या पोरींना केसांचे टोप करून देणारी मुंबईकडची कुठलीशी संस्था होती, तिला त्या पाठवायच्या होत्या. कल्पना वाईट नव्हती. दीपमालाने त्या संस्थेचे व्हिडिओ पाहिले होते. टोप घालून आरशात बघणारी आठ वर्षांची एक मुलगी आधी हसते आणि मग हळूच टोपाला हात लावून तो हलत नाही ना ते बघते, हे पाहून तिला रडूही आलं होतं. आप्पासाहेबांच्या वाढदिवसात पहिल्यांदाच घेणाऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी होतंय असं तिला वाटलं. मग आकडा आला. वसतिगृहात मुली एकोणसत्तर. त्यांतल्या आठ जणींचे केस एक तर खांद्यापर्यंतही नव्हते किंवा रंगवलेले होते, आणि असले त्या संस्थेला चालत नव्हते. उरल्या बरोबर एकसष्ट. "देवाचीच विच्छा हाय बघा," भागवतराव म्हणाले. हा देव नेमका कुणाच्या बाजूने होता, हे दीपमालाच्या तेव्हा लक्षात आलं नाही. एकसष्ट मुली आणि एकसष्ट वेण्या, म्हणजे नाही म्हणायला एकीलाही जागा नव्हती.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता ती रबरांचं पाकीट घेऊन जिन्यातून वर निघाली होती. एका वेणीला दोन रबरं, एक वर आणि एक खाली, वरच्या रबराच्या वर कात्री लावायची. वैष्णवी वरून खाली येत होती. युसूफ वडगावची पोर, बीएस्सीचं दुसरं वर्ष, बोलायला कमी. तिचे केस गुडघ्याच्या खाली जात म्हणून तर ती शेवटची, एकसष्टावी. तिच्या वेणीला पहिली कात्री खुद्द आप्पासाहेब लावणार होते आणि तिथेच फोटो व्हायचा होता. ती दोन पायऱ्या वर थांबली आणि बाजूला सरून वाट देता देता, मेसमध्ये आज भाजी कसली असं विचारावं तशा आवाजात म्हणाली, "मॅडम, न्हाई म्हणलं तर?"

"काय?"

"केसाला. न्हाई म्हणलं तर काय होतंय?"

"तसं काही नाही," दीपमाला म्हणाली, आणि वर निघून गेली.

वरच्या मजल्यावर पोचल्यावर तिला कळलं की आपल्या मानेवरून, केसांच्या मुळापाशी, एक गार पट्टा सरकत गेला आहे. जानेवारी होता, जिन्याची खिडकी उघडी होती, वारं लागलं असेल. तिने पदर मानेवर ओढून घेतला. तसं काही नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल. नवऱ्याने वेगळं राहायचं ठरवलं तेव्हा शेजारणीला, दर फेब्रुवारीत अकरा महिन्यांची नेमणूक संपून पुढची ऑर्डर यायला उशीर व्हायचा तेव्हा आईला. कसं काही नाही? काय नाही? विचारणाऱ्याला त्यातून काही कळत नाही आणि सांगणाऱ्याला काही सांगितल्याचं पाप लागत नाही, अशी ही सोय. पोरीने साधा प्रश्न विचारला होता. त्याला दोनच उत्तरं होती. एक, काही होणार नाही, नको असेल तर देऊ नकोस. दोन, पुढच्या वर्षीच्या यादीत तुझं नाव राहणार नाही. यांतलं कुठलं खरं हे दीपमालालाही माहीत नव्हतं, आणि गार पट्टा बहुधा त्याचाच होता.

यादीचं असं होतं. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं, कुणाची फी भरायची, हे ट्रस्ट जानेवारीत ठरवायचा. पंधरा दिवसांपूर्वी ती भागवतरावांना विचारायला गेली होती. भागवतराव तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घालत म्हणाले होते, "यादी का? कार्यक्रम होऊ द्या मॅडम. कार्यक्रम झाला की मग यादीचं बघू." बस, एवढंच. पण ते वाक्य ती कार्यालयातून वसतिगृहापर्यंत रिक्षात घेऊन आली आणि रिक्षातून उतरेपर्यंत त्याचं वजन वाढलेलं होतं. कार्यक्रम झाला की यादी. म्हणजे कार्यक्रम झाला तर यादी. तिने हे मुलींना सांगितलं नाही. फक्त प्रार्थनेच्या वेळी, आपण ज्यांच्या आधाराने शिकतो त्यांच्या आनंदाच्या दिवशी आपणही काही द्यावं, असं काहीसं बोलली, आणि मग उगीचच म्हणाली, "यादी अजून व्हायचीय, लक्षात आहे ना?" मुलींनी मान डोलावली. त्या उसाच्या फडात वाढलेल्या पोरी होत्या. मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, देताना कधी धमकी देत नाही, फक्त घरी सगळे बरे आहेत ना असं विचारतो, हे त्यांना पाळण्यात असल्यापासून कळतं. दुसऱ्या दिवशी साठ जणींनी नावं दिली. वैष्णवीने दिलं नाही. भागवतरावांनी ते आपणच लिहून टाकलं, आणि दीपमालाने बघितलं, आणि काही बोलली नाही. तेव्हाही बहुतेक तसं काही नाही असंच तिला वाटलं असावं.

आणि संमतिपत्रं. मुंबईच्या संस्थेने प्रत्येक मुलीच्या पालकाची लेखी संमती मागितली होती. पालक दिवाळी झाली तशी टोळ्यांबरोबर गेलेले, कुणी सांगलीकडे, कुणी पार कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयता फडातून सह्या करायला बीडला येत नाही. भागवतरावांनी मार्ग काढला. पालक स्थलांतरित असल्याने त्यांच्या वतीने अधीक्षिका. बुधवारी दुपारी बसून दीपमालाने एकसष्ट सह्या केल्या. सुरुवातीच्या दहा-बारा करताना तिला काहीतरी बोचत होतं. विसाव्यानंतर फक्त मनगट दुखत होतं. एकसष्ट पोरींची आई होणं इतकं सोपं असेल असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मग तिने ते कागद अनुक्रमाने लावायला कुणाला दिले, तर ज्या मुलीचं अक्षर चांगलं आणि कामात चूक नाही तिला. वैष्णवीला.

गच्चीवर केस वाळत होते. तेल नाही, मेंदी नाही, स्वच्छ धुतलेले आणि कोरडे, असा नियम. म्हणून पहाटेपासून साठ जणी न्हाऊन गच्चीवर उन्हाला पाठ करून ओळीने बसल्या होत्या. कोवळं ऊन त्या केसांतून पलीकडे जात होतं आणि सगळीकडे शिकेकाईचा आणि स्वस्त शाम्पूचा मिसळलेला वास होता. दीपमाला दारातच उभी राहिली. पाठमोऱ्या साठ पोरी, चेहरा एकीचाही नाही. "ए, तुजं वजन दोन किलोनं कमी व्हायलंय बघ आता," कुणीतरी म्हणालं. "व्हऊ दे, मेसवाल्या मावशीला बरं, भाकरी एक कमी लागंल." "आन् लग्नात काय करायलीस गं?" "त्या टोपवाल्या पोरीकडून उसने आणीन की चार दिस." सगळी गच्ची हसली. दीपमालाही हसली, आणि हसता हसता तिला जाणवलं की यांना खरंच काही वाटत नाहीये, किंवा वाटत असेल तर ते हसण्याच्या आत इतकं नीट घडी घालून ठेवलंय की आपल्याला दिसणार नाही. एकीने मागे वळून विचारलं, "मॅडम, तुमी बी देणार का?" तिने हात केसांकडे नेला. दर महिन्याला काळी मेंदी लावलेली, करंगळीएवढी वेणी. "माझे चालत नाहीत," ती म्हणाली. हे अगदी खरं होतं, आणि इतकं सोयीचं खरं तिच्या वाट्याला फार दिवसांत आलं नव्हतं.

तिचे केस तसे कधीच दाट झाले नाहीत. सिरसाळ्याला शाळेत होती तेव्हा, नऊ वर्षांची असताना, आई-बाप तिलाही फडावर घेऊन गेले होते. पाचटाच्या झोपडीवजा कोपीत चार महिने, आणि डोक्यात उवा इतक्या की रात्रंदिवस खाजवून खाजवून चट्टे पडले. एके दिवशी सकाळी, ऊस भरायच्या आधी, आईने पोती कापायची कात्री आणली. ती कात्री काळी होती, एका मुठीला चिंधी गुंडाळलेली. आई मागे येऊन उकिडवी बसली आणि किती तरी वेळ काही केलंच नाही. मग म्हणाली, "कापू का गं?" दीपमाला म्हणाली, "काप." कचकच कचकच असा आवाज झाला, कानाच्या मागे थंड लोखंड लागलं, आणि मग मानेवर वारं आलं. आयुष्यात पहिल्यांदा मानेवर वारं. गावी परत आल्यावर पोरांनी टकली म्हणून हाक मारली, मास्तर हसले, केस पुन्हा आले ते पातळ आले. पण त्या गोष्टीचा राग तिला कधी आला नाही आणि का आला नाही याचा विचारही तिने पस्तीस वर्षांत केला नव्हता. आता गच्चीच्या दारात उभं राहून तो विचार आपोआप पुढे आला. आईने विचारलं होतं. अक्षरओळख नसलेली बाई, बाहेर मुकादम शिव्या घालतोय, गाडी भरायची राहिलीय, पोर नऊ वर्षांची, उवा डोळ्यांना दिसतायत, म्हणजे विचारण्यासारखं काही नव्हतंच. तरी तिने विचारलं आणि उत्तराला थांबली.

पुढे एका सधन मंडळाने दीपमालाला शिकवायला घेतलं. वर्षातून एकदा त्यांच्या कार्यक्रमात तिला उभं करत आणि ती पाठ केलेलं बोलायची: मी एका ऊसतोड मजुराची मुलगी. सात वर्षांत सात वेळा. 'माझी आई' या शब्दांनंतर जरा थांबायचं, हे मंडळाच्या एका बाईंनी तिला शिकवलं होतं. थांबलं की पुढच्या ओळीतल्या बायका डोळ्याला पदर लावत. चौथ्या वर्षी तिला त्या थांबण्याचा कंटाळा आला, पण थांबली नाही तर पुढच्या वर्षी काय, हे कोण सांगणार. आज त्याच कामासाठी वैष्णवीचं भाषण तिनेच लिहून दिलं होतं. 'माझी आई' या शब्दांनंतर तीन टिंबं होती. ती टिंबं कागदावर काढताना आपला हात जराही अडला नव्हता, हे आता आठवलं आणि मानेवरचा पदर तिने पुन्हा घट्ट केला. वैष्णवी गच्चीवर नव्हती.

फोन वाजला. भागवतराव. "झाल्या का तयार? साडेआकराला साहेब पोचतेत. बॅनरवर एकसष्ट छापलंय, पेपरवाल्याला बातमी रातीच गेली, तवा एक बी कमी चालणार न्हाई. आन् ती लांब केसाची पोरगी मोरं बसवा."

"भागवतराव, समजा एखादीला नको असेल..."

"कुणाला नको हाय?"

पलीकडून सुपारीचा आवाज येत राहिला. मग भागवतराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, नको कावून आसंल? केसच हायत. तुमची बी ऑर्डर फेब्रुवारीत हाय ना?" हे त्यांनी कशासाठी विचारलं, सहज की मुद्दाम, हे त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. घरी सगळे बरे आहेत ना, असाच आवाज होता तो. "हो," ती म्हणाली. "मंग चांगलंच हाय की," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

वैष्णवी खोलीत खाटेवर बसली होती. केस धुतले होते, पण वाळवले नव्हते. ओले तसेच मांडीवरून खाली खाटेच्या कडेपर्यंत आलेले आणि चादरीवर पाण्याचा डाग हळूहळू पसरत होता. दीपमालाने दार लोटून घेतलं. बाहेर मांडवातून ध्वनिक्षेपकाची चाचणी ऐकू येत होती, हॅलो, हॅलो, एक दोन तीन. तिला सांगायचं होतं की नको असेल तर नको. एवढं एकच वाक्य होतं आणि ते तोंडाशी होतं. ती म्हणाली, "हे वाळायला पाहिजेत, ओले चालत नाहीत." आणि टॉवेल घेऊन मागे बसली. केस हातात घेतले तेव्हा त्यांच्या वजनाने ती चकित झाली. थंड, जड, जिवंत जनावराच्या शेपटासारखं काहीतरी. पोरगी ताठ बसून राहिली.

"संमतीचे कागद मीच लावलेत मॅडम," वैष्णवी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "मायच्या नावावर सही तुमची हाय."

"ते सगळ्यांचंच तसं..."

"माय सही करती. अंगठा न्हाई लावत. दोन साल झाले, म्याच शिकवलीय तिला. वत्सलाबाई, सगळं अक्षर नीट काढती."

बाहेर एक दोन तीन चालूच होतं.

"त्या पोरींचं मला वाईट वाटतंय," वैष्णवी म्हणाली. "तुमी दावलेला व्हिडिओ म्या चार बार पायलाय. म्या दिले बी असते मॅडम, खरंच. पर मला कुणी इचारलंच न्हाई. भागवत सरांनी नाव लिवलं, तुमी सही केली, आप्पासाहेब कापणार. माझं काय काम हाय मधी? खुर्चीवर बसायचं?"

"आईला विचारलंस का?"

"इचारते की." तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बराच वेळ वाजल्यावर पलीकडे ट्रॅक्टरचा मोठा आवाज आला आणि त्यातून एका बाईचा, धापा टाकणारा. "काय गं? आत्ता कावून फोन केलास? गाडी भरायलोत आमी."

"आये, हॉस्टेलात केस काढायलेत माझे. दान."

"काय काढायलेत?"

"केस. समदे."

"आगं आमी काय मेलाव का?" बाई ओरडली. "जित्या मायची पोर आन् डोकं काढती? कुणी सांगितलं तुला? मॅडमला दे फोन. सटवीला इचारते मी."

"मॅडम हितंच हायत आये. ऐकायलेत."

ट्रॅक्टर बंद झाला. एकदम शांतता पसरली आणि तिच्यात उसाच्या पाचटाचा सळसळ आवाज अगदी जवळ ऐकू आला. वत्सलाबाई वेगळ्याच, धुतलेल्या आवाजात बोलल्या, "मॅडम, नमस्कार. म्या तसं न्हाई म्हणले. पोरगी लहानपणापसून केसाची हाय. पाडव्याला आमी आलो की म्या बोटं लावून मोजते, चार बोटं वाढले, पाच बोटं वाढले. मंग मला कळतंय किती दिस नव्हतो आमी. म्हणून म्हणले. काढायलाच पायजे का?"

आता. आता बोलायचं. दीपमालाने तोंड उघडलं. पण तिच्याआधी वैष्णवी बोलली, अगदी सपाट. "यादी व्हायची हाय आये. पुढल्या सालाची."

मग वत्सलाबाई म्हणाल्या, "यादीसाठी हाय का?"

"हं."

"मंग काढू दे. केस काय, येत्यात." आणि ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला.

'यादीसाठी हाय का' आणि 'मंग काढू दे' या दोन वाक्यांमध्ये किती अंतर होतं, हे दीपमाला मोजू लागली. दम लागलेल्या एका श्वासाइतकं. आपण सह्या केल्या त्याला निदान एक दुपार लागली होती. तिच्या अंगातून काहीतरी वर आलं, राग म्हणावा तर तो कुणावर हे नक्की नव्हतं, आणि ती एकदम म्हणाली, स्वतःच्याच गावच्या बोलीत, जी तिने नोकरी लागल्यापासून कपाटात ठेवली होती, "न्हाई म्हण तू. नको दिऊस. म्या बघते काय व्हायचं ते."

वैष्णवी पहिल्यांदा वळली. ओले केस दीपमालाच्या हातातून सरकले. पोरीच्या चेहऱ्यावर आभार वगैरे काही नव्हतं. होती ती एक प्रकारची चौकशी, दुकानदार नोट उजेडात धरून बघतो तशी. "मॅडम, यादी तुमच्या हातात हाय का?"

"नाही."

"तुमची ऑर्डर कधी संपती?"

"फेब्रुवारीत."

"मंग तुमी काय बघणार?" हे तिने उद्धटपणे विचारलं नाही. उत्तर खरंच असेल तर हवं होतं, अशा तऱ्हेने विचारलं आणि थोडा वेळ थांबलीही. दीपमाला उत्तर शोधत होती. आपण आप्पासाहेबांना भेटू, आपण पेपरात देऊ, आपण... प्रत्येक वाक्य तोंडापर्यंत येई आणि तिथे त्याचा आवाज 'तसं काही नाही' सारखा व्हायला लागे. मग वैष्णवी उठली, केस पुढे घेतले आणि म्हणाली, "द्या टॉवेल. माझ्याच्यानं लवकर वाळत्याल."

मांडवात साठ वेण्या सव्वा तासात उतरल्या. पार्लरवाली तेजश्री आणि तिच्या तीन पोरी कामात तयार होत्या. वर कच्च, खाली पिशवी, पुढची. कापून झालेल्या पोरी एकमेकींच्या मानेला हात लावून किंचाळत होत्या, "गार लागतंय गं." दीपमाला हातात माइक घेऊन कार्य या शब्दाचं वाक्य बोलली. टाळ्या पडल्या. तिला सगळं काचेपलीकडून दिसत होतं, फक्त आवाज मात्र अंगाला लागत होता, प्रत्येक कच्च कानामागे, त्याच जागी. मग वैष्णवीला बोलावलं. ती भाषण करायला उभी राहिली, पाठ झालेलं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मी एका ऊसतोड मजुराची मुलगी. माझी आई. इथे ती थांबली, तीन टिंबं होती तितकीच, आणि पुढच्या ओळीत पदर डोळ्यांना लागले. दीपमालाला तो कागद तोंडपाठ होता, म्हणून एक वाक्य गेलं ते फक्त तिला कळलं. 'हे केस मी स्वखुशीने देत आहे' असं जिथे होतं, तिथे पोरीने एक श्वास घेतला आणि सरळ पुढच्या वाक्यावर गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. वाक्य असतं तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

आप्पासाहेबांपुढे तबक आलं. कात्री नवी होती, मुठीला लाल फीत बांधलेली, उद्घाटनाची. दीपमालाने वेणी खालून धरायची असं ठरलं होतं, म्हणजे फोटोत लांबी नीट येईल. तिने धरली. आप्पासाहेबांनी कात्री लावली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि दाबली. वेणी कापली गेली नाही. फिती कापायची सवय असलेला माणूस. त्यांनी पुन्हा दाबली, मग करवतीसारखी पुढे मागे केली. दर हिसक्याला पोरीचं डोकं मागे जात होतं आणि तो हिसका वेणीतून खाली दीपमालाच्या मुठीत पोचत होता. एक वेळ अशी आली की तिला वाटलं आता आपण ही वेणी सोडून कात्रीवर हात ठेवू. वाटलं, अगदी बोटांपर्यंत आलं. "लई घट हायत गं पोरी," आप्पासाहेब मोकळेपणाने म्हणाले, "काय खातीस?" मांडव हसला. वैष्णवीही हसली, शिकवल्यासारखी. फोटो झाले. आप्पासाहेबांनी कात्री तबकात ठेवून घाम पुसला, तेजश्रीने पुढे होऊन आपल्या कात्रीने एका दमात काम संपवलं, आणि सगळं वजन एकदम दीपमालाच्या हातात आलं. ती ते धरून उभीच राहिली. वैष्णवीने खुर्चीवरून उठताना सवयीने दोन्ही हात मागे नेले, केस सावरायला, आणि हात हवेत तसेच परत आले.

जेवणाची पंगत बसली तेव्हा दीपमाला रस्ता ओलांडून ट्रस्टच्या कार्यालयात गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं होतं. वैष्णवीचं नाव यादीत राहिलं पाहिजे, आता तरी राहिलं पाहिजे, नाहीतर मी लिहून देईन की संमती मी परस्पर दिली, एकसष्टच्या एकसष्ट, मग काय व्हायचं ते होवो. वाक्य चांगलं होतं. भागवतराव टेबलावर डबा उघडून बसले होते.

"यादीचं बोलायचंय," ती उभ्यानेच म्हणाली. "आज सही होणार असेल तर त्याच्या आधी मला..."

"कोणती सही?" भागवतरावांनी घास थांबवला. "सही तर पाच तारखेलाच झाली की. साहेब मुंबईला चालले होते, जाताना गाडीतच करून गेले."

"मग तुम्ही म्हणाला होतात, कार्यक्रम झाला की..."

"वाटायचं म्हणलो व्हतो मी. आधी यादी वाटली तर कार्यक्रमाला कोण थांबतंय?" त्यांनी डाव्या हाताने खण ओढला आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "बघा. यंदा कुणाचंच नाव काढलं न्हाई. मागल्या सालाचीच फाइल होती काँप्युटरात, वरचं साल बदलून प्रिंट मारली."

यादीत एकाहत्तर नावं होती. त्यातल्या दोघी मागच्या मे महिन्यात लग्न होऊन गेल्या होत्या.